मोजण्याची गरज आधी : लेलँड क्लार्क यांची कारकीर्द वर्गात शिकवताना

जैवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड बनवणारे अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांच्या वाट्याला अर्धे पान येते. प्लॅटिनमचे ऋणाग्र, चांदीचे धनाग्र आणि दोन्हींवर ताणलेले पटल (पातळ पडदा) दाखवणारी एक आकृती, तिच्याखाली दोन रासायनिक समीकरणे आणि ‘१९६२ साली पहिला बायोसेन्सर तयार झाला’ असे एक वाक्य (बायोसेन्सर म्हणजे जैविक रेणूच्या मदतीने एखादा पदार्थ मोजणारे साधन). परीक्षेत पाच गुणांची टीप लिहायला तेवढे पुरते. मी पुण्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवते, माझे स्वतःचे संशोधनही विकरांवर (एन्झाइमांवर) आधारलेल्या सेन्सरांवरच आहे, आणि मला सातत्याने जाणवत आले आहे की क्लार्क यांच्या कारकिर्दीतला जो भाग विद्यार्थ्यांना सर्वाधिक उपयोगी पडेल, नेमका तोच या अर्ध्या पानातून गळतो. क्लार्क सेन्सर बनवायला निघालेले नव्हते. त्यांच्या हातून घडलेले जवळजवळ प्रत्येक उपकरण कुणाच्या तरी अडून बसलेल्या मोजमापातून निघाले, आणि ते मोजमाप का अडले होते हे समजून घेतल्याशिवाय उपकरणाची रचना तशीच का आहे हे कळत नाही. म्हणून त्यांची कारकीर्द इथे जरा सविस्तर मांडते आहे, आणि ती शिकवताना मला काय महत्त्वाचे वाटते तेही लिहिते आहे.

क्लार्क यांचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात झाला. पदवीचे शिक्षण त्यांनी ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावातील अँटिऑक कॉलेजात घेतले. या कॉलेजात १९२० च्या दशकापासून एक वेगळी पद्धत रुळली होती. विद्यार्थी काही महिने वर्गात शिकत आणि काही महिने एखाद्या कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा कचेरीत प्रत्यक्ष नोकरी करत, आणि दोन्ही मिळून त्यांची पदवी पूर्ण होई. १९४१ साली तिथून पदवी घेऊन आणि १९४४ साली रॉचेस्टर विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून क्लार्क पुन्हा अँटिऑकलाच जैवरसायनशास्त्राचे साहाय्यक प्राध्यापक म्हणून आले. मुलांच्या वाढीचा दीर्घकालीन अभ्यास करणारी फेल्स संशोधन संस्था त्याच गावात होती, आणि तिथेही ते काम करू लागले. पुढे १९५८ पर्यंत ते याच गावात राहिले. ऑक्सिजन इलेक्ट्रोड एका लहान कॉलेजच्या गावात जन्मला ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण खरे संशोधन मोठ्या नावाच्या संस्थांतच होते अशी समजूत घेऊन आपल्याकडची अनेक हुशार मुले एम.एस्सी.ला येतात आणि ती समजूत त्यांना नाहक खचवते.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयशस्त्रक्रियेतला मोठा प्रश्न असा होता की हृदय थांबवून ते उघडायचे, तर तेवढा वेळ रक्तात ऑक्सिजन मिसळण्याचे फुप्फुसांचे काम कोणी करायचे. क्लार्क यांनी फ्रँक गोलान यांच्यासह त्यासाठी एक ऑक्सिजनेटर तयार केला. या यंत्रात रक्तातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले जात, आणि त्यामुळे होणारा फेस सिलिकोनयुक्त फेसनाशकाच्या साह्याने मोडला जाई, कारण रक्तात राहिलेला एक बुडबुडाही मेंदूत जाऊन अडकला तर रुग्ण दगावू शकतो. या कामावरचा शोधनिबंध १९५० साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापला गेला. त्याचे तिसरे लेखक व्ही. बी. गुप्ता हे होते. भारतीय आडनाव त्या पानावर वाचताना मला आनंद होतो, आणि विद्यार्थ्यांनाही तो होतो असा माझा अनुभव आहे.

यंत्र चालले, परंतु त्यातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब किती आहे हे मोजता येत नव्हते. हे आकडे नसल्यामुळे क्लार्क यांचा एक निबंध परत आला आणि त्यातूनच ते इलेक्ट्रोडकडे वळले, अशी हकिकत या क्षेत्रात सांगितली जाते. ती हकिकत बाजूला ठेवली तरी अडचण खरी होती आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. रक्तातला एकूण ऑक्सिजन मोजण्याची व्हॅन स्लाइक यांची पद्धत तेव्हा उपलब्ध होती. रक्ताचा नमुना घ्यायचा, रसायनांनी त्यातला वायू बाहेर काढायचा आणि त्याचा दाब मोजायचा. ही पद्धत अचूक होती, पण तिला वेळ लागे आणि कुशल हात लागत. त्याहून मोठा अडथळा तत्त्वाचा होता. रक्तातला बहुतांश ऑक्सिजन हिमोग्लोबिनला जोडलेला असतो, आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकट्या ऑक्सिजनचा दाब, पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास पोहोचला की हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यापुढे दाब दुप्पट झाला काय किंवा चौपट झाला काय, एकूण ऑक्सिजनच्या आकड्यात फारसा फरक दिसत नाही. म्हणजे यंत्र रक्ताला गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन देत असले तरी एकूण प्रमाणावरून ते कळणार नाही. पेशींकडे ऑक्सिजन ढकलणारा असतो तो दाब, आणि नेमका तोच मोजण्याचे साधन नव्हते. ‘प्रमाण’ आणि ‘आंशिक दाब’ यांतला हा फरक समीकरणातून शिकवला तर मुले तो पाठ करतात. ऑक्सिजनेटरच्या नळीपाशी उभ्या असलेल्या माणसाची अडचण म्हणून सांगितला तर तो त्यांच्या लक्षात राहतो.

विद्युतप्रवाहावरून ऑक्सिजन मोजता येतो हे तोवर माहीत होते. प्राग येथील यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ साली पोलरोग्राफी, म्हणजे प्रवाहावरून द्रावणातले पदार्थ मोजण्याची पद्धत, शोधली होती, आणि १९५९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. प्लॅटिनमच्या तारेवर सुमारे उणे ०.६ ते ०.७ व्होल्टचा विद्युतदाब ठेवला की तिच्यापाशी येणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंचे क्षपण होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेतात, आणि जितके रेणू येतात तितका प्रवाह वाहतो. शुद्ध द्रावणात हे सुरेख चालते. रक्तात मात्र तारेवर प्रथिनांचा थर बसतो, प्रवाह उतरत जातो आणि आकड्यावरचा विश्वास उडतो. क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेवर सेलोफेनचे आवरण घालून पाहिले. १९५३ साली त्यांनी रक्तातील ऑक्सिजनची सलग नोंद घेण्याच्या या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. सेलोफेनने प्रथिने अडवली, पण सेलोफेन पाणी आणि आयन यांना आरपार जाऊ देते. त्यामुळे दुसरा, म्हणजे संदर्भाचा, इलेक्ट्रोड बाहेर रक्तातच राहिला आणि विद्युतमंडल रक्तातूनच पूर्ण होत राहिले. रक्ताची रचना बदलली की प्रवाहही बदलणार, हा दोष तसाच शिल्लक राहिला.

१९५४ च्या ऑक्टोबरात क्लार्क यांना सुचलेला उपाय ऐकायला इतका सोपा आहे की विद्यार्थी त्यावरून सहज पुढे जातात, आणि म्हणून मी तिथे अख्खा तास थांबते. त्यांनी दोन्ही इलेक्ट्रोड पटलाच्या एकाच बाजूला, आतल्या बाजूला घेतले. प्लॅटिनमचे ऋणाग्र आणि चांदीचे धनाग्र एकाच छोट्या कोठडीत, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडालेले, आणि कोठडीच्या तोंडावर पॉलिथिलीनचे पातळ पटल. पॉलिथिलीनमधून पाणी जात नाही, आयन जात नाहीत, प्रथिने तर नाहीतच. ऑक्सिजन वायू मात्र झिरपतो. विद्युतमंडल आतल्या आत पूर्ण होते आणि बाहेर रक्त आहे, समुद्राचे पाणी आहे की सांडपाणी आहे याच्याशी त्याचा विद्युतसंबंध उरत नाही. आत किती ऑक्सिजन शिरेल हे फक्त बाहेरच्या आंशिक दाबावर आणि पटलाच्या गुणधर्मांवर ठरते. जे मोजायचे होते नेमके तेच मोजणारी रचना अशी हाती आली. विजेला अडवणारे पटल वापरायचे ठरले त्याच क्षणी दोन्ही इलेक्ट्रोड आत घेणे अपरिहार्य झाले, आणि त्या अपरिहार्यतेतूनच उपकरणाचे सामर्थ्य आले. पाठ्यपुस्तकातली आकृती हेच दाखवते, पण सेलोफेन आधी वापरले होते आणि ते का पुरले नाही हे सांगितल्याशिवाय तिच्यातले शहाणपण दिसत नाही.

१९५६ साली क्लार्क यांनी हे काम कृत्रिम अवयवांवर काम करणाऱ्या संशोधकांच्या संस्थेपुढे मांडले आणि त्याच वर्षी ते प्रसिद्ध झाले. जॉन सेव्हरिंगहाऊस या भूलतज्ज्ञांनी त्याचे महत्त्व तत्काळ ओळखले. हा इलेक्ट्रोड मोजता मोजता स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे त्याच्या तोंडाशी रक्त हलते ठेवावे लागते आणि तापमान ३७ अंशांवर स्थिर राखावे लागते, हे ध्यानात घेऊन त्यांनी क्लार्क यांचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड आणि रिचर्ड स्टो यांच्या कल्पनेवरून सुधारलेला कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड एकाच उपकरणात बसवले. १९५८ साली त्यावरचा निबंध छापला गेला. अतिदक्षता विभागात आज धमनीच्या रक्तातले वायू मोजणाऱ्या ज्या तपासणीला सगळे ‘एबीजी’ म्हणतात, तिच्या यंत्राची वंशावळ इथे सुरू होते.

याच इलेक्ट्रोडवर आमच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक होते. सोडियम डायथायोनाइट घालून ऑक्सिजन संपवायचा आणि शून्य ठरवायचे, मग हवा सोडून पाणी संपृक्त करायचे आणि वरचा बिंदू ठरवायचा, त्यानंतर पालकाच्या पानांतून काढलेली हरितलवके घालून दिव्याच्या प्रकाशात ऑक्सिजन वाढताना पाहायचा. मार्गदर्शिकेत एवढेच आहे. मी त्यात तीन गोष्टी घालते. पहिली, द्रावण ढवळणारा मॅग्नेटिक स्टरर बंद करायला सांगते. आकडा लगेच खाली येऊ लागतो आणि द्रावणात ऑक्सिजन तेवढाच असताना आकडा का उतरला याचे उत्तर मुलांना स्वतः शोधावे लागते. दुसरी, पाण्याचे तापमान काही अंशांनी वाढवायला सांगते, म्हणजे पटलाची पार्यता (ऑक्सिजन आरपार जाऊ देण्याची क्षमता) आणि ऑक्सिजनची विद्राव्यता या दोन्ही एकाच वेळी, पण उलट दिशांनी, बदलतात हे दिसते. तिसरी गोष्ट पुण्याची. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, हा आकडा सगळ्या तक्त्यांत असतो आणि मुले तो तसाच उचलतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी आहे, आणि इथे तो आकडा ७.७ च्या आसपास येतो. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचे बटण दाबणे अशी सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हा फरक एकदा स्वतःच्या हाताने काढायला लावला की पुढे तो तक्त्यातला आकडा वापरण्यापूर्वी तक्ता कुठल्या दाबासाठी आहे हे पाहतो.

१९५८ साली क्लार्क अलाबामा विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले, आणि गेले ते शल्यचिकित्सा विभागात. जैवरसायनशास्त्रज्ञाने शल्यचिकित्सकांच्या विभागात प्राध्यापक होणे आपल्याकडे आजही अवघड आहे. नेमणुकीच्या जाहिरातीत विषयाची चौकट इतकी घट्ट असते की असा माणूस अर्जाच्या पहिल्याच छाननीत बाहेर पडेल, आणि मला हे आपल्या विद्यापीठांचे मोठे नुकसान वाटते. तिथल्या काळातले त्यांचे एक काम फारसे कुणाला माहीत नसते, म्हणून त्याविषयी लिहिते. हृदयाच्या डाव्या आणि उजव्या कप्प्यांमध्ये जन्मतः छिद्र असलेल्या मुलांमध्ये डावीकडचे रक्त उजवीकडे गळते. ते ओळखण्यासाठी क्लार्क आणि बार्जेरॉन यांनी १९५९ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाने हायड्रोजनचा एक श्वास घ्यायचा. हायड्रोजन फुप्फुसांत रक्तात विरघळतो आणि हृदयाच्या डाव्या बाजूला येतो. उजव्या बाजूला आधीच कॅथेटरने प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड नेऊन ठेवलेला असतो, आणि हायड्रोजनचा स्पर्श होताच त्याचे विद्युत्‌विभव बदलते. छिद्र असेल तर हायड्रोजन क्षणार्धात उजवीकडे दिसतो, नसेल तर त्याला सगळ्या शरीरातून फिरून यावे लागते. तोच प्लॅटिनम, पण इथे पटल नको होते, कारण किती हे मोजायचेच नव्हते, फक्त कधी हे कळायला हवे होते. प्रश्न बदलला की उपकरणातले काय ठेवायचे आणि काय काढायचे हेही बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

आता १९६२. क्लार्क यांनी चॅम्प लायन्स या शल्यचिकित्सकांसह न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वार्षिक ग्रंथमालेत जो निबंध लिहिला, त्याचा विषय होता हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेदरम्यान सलग देखरेख करणाऱ्या इलेक्ट्रोडांच्या योजना. शीर्षकात ग्लुकोज नाही, विकर नाही. मधुमेह्याने घरी बसून साखर मोजावी हा विचार तिथे मध्यवर्ती नव्हता. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या रक्तात काय चालले आहे हे नमुना प्रयोगशाळेत न पाठवता समजावे, ही गरज होती. ऑक्सिजन आणि आम्लता यांचे इलेक्ट्रोड होते, ग्लुकोजचे काय करायचे हा प्रश्न होता. ग्लुकोज इलेक्ट्रोडवर सरळ ओळखता येत नाही. परंतु ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करताना ऑक्सिजन वापरते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि ऑक्सिजन कसा मोजायचा हे क्लार्क यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी सुचवले की विकराचा पातळ थर पटलांच्या मध्ये धरून ठेवावा आणि तो ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या तोंडावर बसवावा. ग्लुकोज बाहेरच्या पटलातून आत येईल, विकराशी भेटेल, आणि जितके ग्लुकोज तितका ऑक्सिजन कमी होईल. पण रक्तातला ऑक्सिजन स्वतःच कमीजास्त होत असतो, म्हणून शेजारी विकर नसलेला दुसरा इलेक्ट्रोड ठेवून दोहोंतला फरक पाहायचा. पुढच्या सगळ्या बायोसेन्सरांचा आराखडा या रचनेत आहे. निवड करण्याचे काम जैविक रेणूने करायचे, ते संकेतात बदलण्याचे काम इलेक्ट्रोडने करायचे आणि दोन्हींना नको त्या गोष्टींपासून वाचवण्याचे काम पटलाने करायचे.

पुढची वाट इतरांनीही रुंद केली. १९६७ साली अपडाइक आणि हिक्स यांनी विकर पॉलिअॅक्रिलमाइडच्या जेलमध्ये बंदिस्त करून ‘नेचर’मध्ये विकर इलेक्ट्रोडाचे प्रात्यक्षिक रूप दाखवले, १९६९ साली गिलबॉल्ट आणि मॉन्टाल्व्हो यांनी युरियासाठी तसा इलेक्ट्रोड केला. क्लार्क स्वतः ऑक्सिजनची घट मोजण्यापेक्षा तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजण्याकडे वळले. शून्यापासून वर जाणारा संकेत हा मोठ्या आकड्यातली छोटी घट शोधण्यापेक्षा नेहमीच विश्वासार्ह असतो. मात्र त्यासाठी लागणाऱ्या सुमारे +०.७ व्होल्टवर क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि पॅरासिटॅमॉल यांचेही ऑक्सिडीकरण होते आणि तेही ग्लुकोजच्या नावावर जमा होते. तेव्हा आतल्या बाजूला सेल्युलोज अॅसिटेटचे आणखी एक पटल आले, जे पेरॉक्साइडच्या लहान रेणूला सोडते आणि या मोठ्या रेणूंना बऱ्याच अंशी अडवते. पुन्हा पटलच.

१९७५ साली या तत्त्वावरचा ग्लुकोज अॅनालायझर बाजारात आला तो यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीचा. ही कंपनी १९४८ साली त्याच गावात सुरू झाली होती आणि तिच्या संस्थापकांपैकी हार्डी ट्रोलँडर हे अँटिऑकचेच विद्यार्थी होते. कॉलेजातला प्राध्यापक, कॉलेजातून शिकून निघालेला उपकरण बनवणारा माणूस आणि पायी जाता येईल इतक्या अंतरावरचा कारखाना अशी ती साखळी होती. पुढे कित्येक वर्षे नव्या ग्लुकोमीटरची अचूकता तपासताना तुलनेसाठी याच कंपनीचे प्रयोगशाळेतील यंत्र वापरले जात असे. आपल्याकडे ‘उद्योग-विद्यापीठ सहकार्य’ या विषयावर परिसंवाद पुष्कळ होतात. माझे स्पष्ट मत आहे की शिकत असताना विद्यार्थ्याने काही महिने उपकरणांच्या कार्यशाळेत, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पगारी काम केले, आणि त्या कामाला पदवीत स्थान मिळाले, तर त्या परिसंवादांतून जे साधत नाही ते साधेल.

क्लार्क १९६८ साली सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाच्या संशोधन विभागात गेले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या नावावरचे आणखी एक काम म्हणजे १९६६ साली गोलान यांच्यासह केलेला प्रयोग, ज्यात ऑक्सिजनने संपृक्त केलेल्या फ्लुओरोकार्बन द्रवात पूर्ण बुडवलेले उंदीर त्या द्रवातूनच श्वास घेऊन जिवंत राहिले. कृत्रिम रक्ताच्या संशोधनाला त्यातून चालना मिळाली. तो स्वतंत्र विषय आहे, पण ऑक्सिजन शरीरात कसा पोहोचवायचा हा प्रश्न त्यांनी तिशीत हाती घेतला तो अखेरपर्यंत सोडला नाही, एवढे त्यावरून कळते. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे ‘रस’ (Russ) पारितोषिक त्यांना मिळाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले.

इथवरची कहाणी शिकवून झाली की मी घरगुती ग्लुकोमीटरकडे येते, कारण वर्गातल्या बहुतेकांच्या घरी तो असतो. ऑक्सिजनच्या जागी फेरोसिनसारखा दुसरा इलेक्ट्रॉनवाहक वापरण्याची कल्पना १९८४ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी मांडली, १९८७ साली त्यावर आधारलेले पेनाच्या आकाराचे मीटर विकायला आले, आणि मोजणे प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आले. या भागात मी यंत्राच्या यशापेक्षा ते कुठे चुकते यावर जास्त वेळ घालवते. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की अनेक पट्ट्या साखर खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि आपल्या देशात रक्तक्षय किती घरांत आहे हे कुणाला सांगायला नको. ग्लुकोज डिहायड्रोजिनेज या विकराच्या एका प्रकारावर चालणाऱ्या पट्ट्यांना ग्लुकोज आणि माल्टोज ही दुसरी साखर यांतला फरक कळत नव्हता. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काही रुग्णांना दिल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज तयार होते, मीटर वाढलेली साखर दाखवते, इन्सुलिन दिले जाते आणि प्रत्यक्षात साखर धोकादायकरीत्या उतरते. यातून मृत्यू झाले आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. १९६२ च्या रचनेत निवड करण्याचे काम विकरावर सोपवले होते. विकराची निवड चुकली की बाकीचे सगळे अचूक असूनही उपयोग नसतो, हे इथे माणसाच्या जिवाच्या किमतीला दिसले. परीक्षेत मी ग्लुकोमीटरची आकृती विचारत नाही. एखाद्या रुग्णाची माहिती देऊन या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवाल का आणि का, असे विचारते. उत्तरे लांब येतात, तपासायला वेळ लागतो, पण मला तोच प्रश्न योग्य वाटतो.

संशोधन प्रकल्पांच्या बाबतीत माझी तक्रार थोडी कडक आहे. दरवर्षी माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांत नवनवे नॅनोकण असतात, उत्कृष्ट सूक्ष्मदर्शी छायाचित्रे असतात, शोधमर्यादा (ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण) आणखी खाली नेल्याचे दावे असतात आणि सगळी मोजमापे स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, केलेली असतात. रक्तात, दुधात, विहिरीच्या पाण्यात तो सेन्सर काय करतो याला शेवटचे दोन परिच्छेद मिळतात. क्लार्क यांची कारकीर्द बरोबर याच्या उलट दिशेने गेली. त्यांनी सुरुवात रक्तापासून केली आणि रक्तात जे अडले त्यावर उपाय शोधत मागे गेले. आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध विकराऐवजी अख्ख्या जीवाणूंच्या पेशी वापरून सेन्सर तयार केले. २००६ साली त्यांनी काचतंतूंच्या गाळणीवर फ्लेव्होबॅक्टेरियम या जीवाणूच्या पेशी बसवून मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकासाठी असा सेन्सर प्रसिद्ध केला. पेशींतले विकर कीटकनाशकाचे विघटन करते आणि तयार होणाऱ्या पिवळ्या पॅरानायट्रोफिनॉलचा रंग मोजला जातो. विकर शुद्ध करण्याचा खर्च वाचतो आणि गाळणी वापरून टाकून देता येते. खर्चाचा विचार रचनेतच केलेला आहे, नंतर जोडलेला नाही, आणि म्हणून मला हे काम मोलाचे वाटते.

माझ्याकडे प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता पहिल्या महिन्यात इलेक्ट्रोडला हात लावू देत नाही. ज्याला हे मोजायचे आहे त्याच्याकडे जाऊन या, तो आज ते कसे मोजतो, किती वेळात मोजतो, आकडा चुकला तर त्याचे काय होते, एवढे लिहून आणा, असे सांगते. यंदा एक विद्यार्थिनी सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांवर काम करते आहे. नाशिक भागातल्या द्राक्ष बागायतदारांशी आणि निर्यातीसाठी नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या लोकांशी बोलून ती परत आली तेव्हा तिचा आराखडा बदललेला होता. बफरऐवजी तिने सुरुवातच द्राक्षाच्या रसापासून केली. तिचे विकर अल्कधर्मी द्रावणात उत्तम चालते आणि द्राक्षाचा रस टार्टारिक आम्लामुळे चांगलाच आम्लधर्मी असतो. रस पातळ करून आम्लता कमी करावी, तर मोजायचे कीटकनाशकही तितकेच विरळ होते. विकराच्या थराबाहेर कुठल्या प्रकारचे पटल बसवले तर कीटकनाशक आत येईल आणि आम्ल बाहेर थांबेल, हे ती सध्या तपासते आहे.